हरायची सवय

डिसेंबर २०२३ मध्ये इंडियाना विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे नवेकोरे मुख्य कोच कर्ट सिग्नेटी पत्रकारांसमोर बसले होते. चांगल्या पोरांनी या संघाकडे यावं म्हणून तुम्ही त्यांना नेमकं काय सांगता, असं कुणीतरी विचारलं. सिग्नेटी म्हणाले, सोपं आहे. मी जिंकतो. गूगल करून बघा.

आमच्या नागपूरच्या घरात कुणी असं बोललं असतं तर आजीनं आधी पाठीत धपाटा घातला असता आणि मग मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढली असती. स्वतःच्या तोंडानं स्वतःचं कौतुक करायचं नाही, हे आमच्या हाडीमाशी मुरलेलं. त्यातून हा माणूस बोलत होता कुणाच्या वतीनं, तर मागच्या तीन हंगामांत ३६ पैकी ९ सामने जिंकलेल्या संघाच्या. ब्लूमिंग्टनला शिकणाऱ्या माझ्या मुलानं ती क्लिप मला पाठवली, खाली हसून लोळणारे चेहरे. मी उत्तर दिलं, "या गृहस्थांना सांभाळा रे कुणीतरी."

आम्ही राहतो कोलंबसला. ओहायोचं प्रसिद्ध कोलंबस वेगळं. हे इंडियानातलं, इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीच्या मुख्यालयाचं छोटं गाव. पुण्यातल्या कमिन्समधून इथे आलेल्यांची संख्या इतकी की भाजीच्या दुकानात मराठीत चुगली करायची सोय नाही. इथून ४६ नंबरच्या रस्त्यानं पश्चिमेला निघालं, ब्राउन काउंटीच्या टेकड्या ओलांडल्या, की तासाभरात ब्लूमिंग्टन येतं. चुनखडीच्या दगडाचं देखणं विद्यापीठ. एम्पायर स्टेट बिल्डिंगला लागलेला दगड याच परिसरातल्या खाणींमधला. आणि या गावाचा खरा देव बास्केटबॉल. पाच राष्ट्रीय विजेतेपदं, नावाजलेले कोच बॉबी नाइट, सामन्यांचा असेम्ब्ली हॉल. फुटबॉल म्हणजे थंडी पडून बास्केटबॉल सुरू होईपर्यंतचा वेळ घालवण्याचा कार्यक्रम. (हा फुटबॉल म्हणजे अर्थातच हेल्मेटवाला, लांबुडक्या चेंडूचा.)

माझे शेजारी निवृत्त गृहस्थ आहेत, जन्म इथलाच. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं हंगामाची तिकिटं. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर सामन्याला गेले तेव्हा मध्यंतर झाल्यावर ते शांतपणे उठले आणि पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीमागे मांडलेल्या शेगडीकडे चालू लागले. मला वाटलं काही विसरले असतील. नाही. मध्यंतरानंतर आत जायचंच नाही, ही तिथली पद्धत होती. स्टेडियम अर्धं रिकामं, बाहेरच्या हिरवळीवर हजारो लोक सॉसेज भाजत मजेत. कुणी चिडलेलं नव्हतं. स्कोअर कुणी विचारत नव्हतं. देशातल्या वरच्या श्रेणीतल्या कॉलेज संघांमध्ये सर्वांत जास्त सामने हरलेला संघ हा आपला, हे ते असं सांगत की जणू घराण्यात चालत आलेला संधिवात.

मला हे ओळखीचं होतं. मी विदर्भातली. आमच्या लहानपणी सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानावर रणजीचा सामना असला की काका आम्हाला घेऊन जात. विदर्भ जिंकेल, हा विचार तिथे कुणाच्या मनाला शिवायचा नाही. मुंबईचा कोण येऊन राहिला, किती धावा कुटतो, ते बघायला जायचं. आपल्या मुलानं पन्नास केल्या तर शेंगदाणेवालासुद्धा टाळ्या वाजवायचा, आणि डावानं हरलो तरी संध्याकाळी बर्डीवर खाऊन घरी. १९५७ साली रणजीत आलेल्या विदर्भाची साठ वर्षं अशीच गेली. हरण्यात एक निवांतपणा असतो. अपेक्षाच नसली की अपेक्षाभंग नाही, वर आपण किती सोसतो याचं थोडं कौतुकही करून घेता येतं.

तर सिग्नेटींना मी गूगल केलं.

घराणं कोचचं. वडील फ्रँक सिग्नेटी वेस्ट व्हर्जिनियाचे मुख्य कोच होते, पुढे वीस वर्षं पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या विद्यापीठात. त्या विद्यापीठाचं नाव इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया. तिथे इंडियाना नावाचं गाव आहे. कर्ट स्वतः कितीतरी वर्षं कुणाचे ना कुणाचे सहायक. २००७ मध्ये निक सेबन यांनी अलाबामाचा संघ हाती घेतला तेव्हा त्यांच्या पहिल्या चमूत हे होते आणि २००९ च्या राष्ट्रीय विजेतेपदातही. मग २०११ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ती मानाची नोकरी सोडली आणि पगार कमी करून घेत वडिलांच्याच त्या छोट्या विद्यापीठात, दोन पायऱ्या खालच्या श्रेणीत, मुख्य कोच म्हणून गेले. आपल्याकडे नातेवाइकांनी डोक्याला हात लावला असता. तिथून इलॉन, तिथून जेम्स मॅडिसन. जेम्स मॅडिसनला पाच हंगामांत ५२ विजय, ९ पराभव. मुख्य कोच झाल्यापासून हरलेले सामने जिंकलेल्यांपेक्षा जास्त, असा एकही हंगाम नाही.

हे वाचल्यावर त्या "गूगल करा"चा सूर मला वेगळा ऐकू आला. फुशारकी मारणारा माणूस बहुधा पुढे काय करणार ते सांगतो. हे गृहस्थ मागचं पासबुक उघडून दाखवत होते.

पण त्यांच्याआधीच्या कोचबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही. टॉम अ‍ॅलन इंडियानाच्याच मातीतले. एकमेकांवर प्रेम करा, हे त्यांचं ब्रीद. त्याची आद्याक्षरं टीशर्टांवर छापलेली. प्रत्येक चांगल्या चालीनंतर ते मैदानात धावत जाऊन पोरांना मिठ्या मारायचे, कधी कधी तर पोरंच त्यांना पाडायची. २०२० च्या कोविडमधल्या तुटक्या हंगामात या संघानं ८ पैकी ६ सामने जिंकले आणि पेन स्टेटला हरवलं. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, मायकेल पेनिक्सनं हवेत सूर मारून चेंडू कोपऱ्यातल्या खांबाला टेकवला, तो क्षण इथले लोक अजून सांगतात. मग घसरण सुरू झाली. पेनिक्स वॉशिंग्टनला गेला आणि तिथे संघाला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये अ‍ॅलन यांना काढलं, आणि काढण्यासाठी साधारण दीड कोटी डॉलर मोजले. घरी बसायचे इतके पैसे, हे या खेळाचं अर्थशास्त्र माझ्या पचनी अजून पडलेलं नाही. अ‍ॅलन मात्र घरी बसले नाहीत. ते पेन स्टेटमध्ये बचावाचे कोच झाले आणि तो संघ त्याच वर्षी राष्ट्रीय उपांत्य फेरीपर्यंत गेला. म्हणजे माणसाला खेळ कळत नव्हता असं कुणी म्हणू नये.

मग ब्लूमिंग्टनला चुकत काय होतं? मुलाचं म्हणणं, "आई, साधं आहे, खेळाडू बरे नव्हते." सिग्नेटींनी पहिलं काम तेच केलं. अमेरिकेत आता कॉलेजचा खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव घालून दुसऱ्या विद्यापीठात जाऊ शकतो आणि पूर्वीसारखं वर्षभर बाहेर बसावं लागत नाही. जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावावर पैसेही कमावू शकतो. जुन्या लोकांना हा सगळा बाजार वाटतो. सिग्नेटींनी त्या बाजारात पिशवी घेऊन जावं तसं जाऊन नेमकं सामान आणलं. जेम्स मॅडिसनमधले स्वतःचेच तेरा खेळाडू. एलायजा सॅरॅट, एडन फिशर, मिकाइल कमारा, डिअँजेलो पाँड्स. सोबत बचावाचे कोच ब्रायंट हेन्स आणि आक्रमणाचे माइक शॅनाहन, दोघेही तिथलेच. क्वार्टरबॅक म्हणून ओहायो विद्यापीठातून कॅनडाचा कर्टिस रूर्क. यातला जवळपास कुणीच शाळेत असताना देशभर गाजलेला नव्हता. पुढे किती चमकेल यापेक्षा आजवर मैदानात काय करून दाखवलं, हे बघायचं, ही सिग्नेटींची कसोटी.

इथे माझ्यातली नागपूरकरीण अडखळते. बाहेरून तयार माणसं आणून जिंकलं, तर ते जिंकलं कोण? हा प्रश्न आम्हालाही विचारला गेला होता. २०१७ मध्ये विदर्भानं चंद्रकांत पंडितांना कोच म्हणून आणलं. मुंबईचा माणूस, कडक शिस्तीचा, आणि मुंबईनं नुकताच सोडलेला. फलंदाजीत वसीम जाफर, तोही मुंबईचा. मुंबईकडून काही मागायचं नाही या बाण्यात वाढलेल्या आम्हा लोकांना हे गिळायला जरा जडच होतं. पण पहिल्याच हंगामात, १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये, विदर्भानं दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं आणि रणजी करंडक नागपूरला आला. कर्णधार फैझ फझल आमचा, अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी आमचा, शतक ठोकणारा अक्षय वाडकर आमचा. पंडितांनी ही पोरं बाहेरून आणली नव्हती. ती आधीपासून तिथेच होती. पुढच्या वर्षी करंडक पुन्हा राखला.

इंडियानातही तसं एक नाव आहे. माइक काटिच, सेंटर. चेंडू मागे देऊन समोरच्या दीडशे किलोच्या माणसाला अंगावर घेणारा. तो २०१९ पासून या संघात होता. २०२० चं शिखर त्यानं पाहिलं, नंतरचे ते २७ पराभवही. अ‍ॅलन गेले तेव्हा तोही पोर्टलमध्ये जाऊ शकला असता. तो राहिला, आणि सहाव्या वर्षी या सगळ्या नव्या पोरांच्या मधोमध उभा राहिला. टीव्हीवर सेंटरकडे कुणाचं लक्ष नसतं. मी मुद्दाम त्याच्याकडे बघायचे.

२०२४ चा हंगाम सुरू होण्याआधी क्रीडापत्रकारांनी बिग टेन गटात इंडियानाला सतरावा क्रमांक दिला. बिग टेनमध्ये संघ अठरा. अमेरिकन गणित आहे, विचारू नका.

पहिले सामने सोपे होते. ६ सप्टेंबरला हरितालिका होती, दुसऱ्या दिवशी गणपती. मी मोदकांचं सारण परतत होते आणि मुलगा स्टेडियममधून स्कोअर पाठवत होता. वेस्टर्न इलिनॉय, ७७–३. मला वाटलं टाइप करताना बोट घसरलं. पुढच्या आठवड्यात कॅलिफोर्नियात जाऊन यूसीएलएला ४२–१३. मग शार्लट, मेरीलँड, नॉर्थवेस्टर्न. दसऱ्याच्या शनिवारी संघाला सुट्टी, त्यानंतर नेब्रास्काला ५६–७. त्या सामन्यात रूर्कच्या अंगठ्याला दुखापत झाली, तरी पुढच्या शनिवारी राखीव टेव्हन जॅक्सनला घेऊन वॉशिंग्टनलाही हरवलं. या काळात माझ्या शेजाऱ्यांमध्ये एक बदल झाला. ते मध्यंतरानंतर आत जाऊ लागले. बायकोला म्हणाले, जरा बघून येतो.

सिग्नेटींचा चेहरा मात्र तोच. संघ चाळीस गुणांनी पुढे असला तरी कपाळाला आठ्या, ओठ मिटलेले, जणू रांगेत उभे आहेत आणि खिडकी बंद व्हायची वेळ झालीय. अ‍ॅलन यांच्या मिठ्यांनंतर हे फार कोरडं वाटायचं सुरुवातीला. नंतर लक्षात आलं की पोरंही बेंचकडे येताना फार नाचत नाहीत. सत्तर गुण झाले तरी हे काही विशेष नाही, असा त्या चेहऱ्याचा अर्थ होता, आणि तो हळूहळू सगळ्या स्टेडियममध्ये पसरत होता. विजय विशेष नाही, हे या गावाला कुणी आजवर सांगितलंच नव्हतं.

२ नोव्हेंबरला पाडवा. फराळासाठी आम्ही मराठी मंडळी एका हॉलमध्ये जमलो होतो. तिकडे मिशिगन स्टेटच्या मैदानावर पहिल्या क्वार्टरअखेर इंडियाना ०–१० मागे. त्या हंगामात संघ पिछाडीवर पडण्याची ही पहिलीच वेळ, नवव्या सामन्यात. चकलीच्या ताटाभोवती फोन घेऊन उभी असलेली कॉलेजची पोरं एकदम गप्प झाली. एक काकू म्हणाल्या, चला, आता आपलं इंडियाना परत आलं. त्यानंतर इंडियानानं सलग ४७ गुण केले आणि मिशिगन स्टेटला एकही करू दिला नाही. त्या सामन्याआधीपर्यंत दुबळ्या संघांना झोडपून ही पोरं पुढे आलीत, असं म्हणायला जागा होती. मागे पडल्यावर कुणी घाबरलं नाही, हे मला त्या दिवशी दिसलं, आणि माझ्या लेखी हंगामाचा खरा सामना तोच. पुढच्या शनिवारी गतविजेत्या मिशिगनविरुद्ध तर उत्तरार्धात पार दमछाक झाली. कसंबसं २०–१५. पण दहापैकी दहा झाले. या संघाच्या इतिहासात एका हंगामात दहा विजय कधीच झाले नव्हते. बिग टेन जिंकली त्या १९४५ आणि १९६७ सालीही नऊच.

सिग्नेटींनी नेमणुकीनंतर असेम्ब्ली हॉलमध्ये माइक हातात घेऊन पर्ड्यू, मिशिगन आणि ओहायो स्टेट या तिघांचाही उद्धार केला होता. मिशिगनचं झालं. पर्ड्यू म्हणजे राज्यातलाच सख्खा वैरी; १९२५ पासून या दोघांत लाकडी बादलीच्या करंडकासाठी झुंज चालते. त्यांना ६६–० असं धुतलं की शेवटी शेवटी मलाच कसंतरी व्हायला लागलं. राहिलं ओहायो स्टेट. तिथे मात्र पाणी दिसलं. आधी आघाडी घेतली, मग पंट करायला (म्हणजे पुढे सरकता येईना की चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना देऊन टाकायला) उभ्या असलेल्या खेळाडूच्या हातून चेंडू निसटला, मग त्यांच्या केलेब डाउन्सनं पंट पकडून थेट टचडाउन केला, म्हणजे चेंडू आमच्या शेवटच्या रेषेपार नेला, आणि शेवटी १५–३८.

तरी बारा संघांच्या नव्या राष्ट्रीय प्लेऑफमध्ये जागा मिळाली. २० डिसेंबर, साउथ बेंडच्या थंडीत नोट्रे डेम. सामन्याआधी सिग्नेटी टीव्हीवर म्हणाले की आम्ही मोठ्या संघांना नुसतं हरवत नाही, बदडून काढतो. शब्द याहून तिखट होता. रात्री जेरेमाया लवनं ९८ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. चौथ्या क्वार्टरमध्ये १७ गुणांनी मागे असतानाही सिग्नेटींनी धोका न पत्करता पंट करून चेंडू देऊन टाकला. शेवटच्या दोन मिनिटांत दोन टचडाउन करून पराभवाचा १७–२७ हा दिसायला बरा आकडा झाला, पण सामना तसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी देशभर एकच सूर: सोपे सामने खेळून वर आलेला संघ, याला प्लेऑफमध्ये घ्यायलाच नको होतं. मला हा युक्तिवाद तेव्हाही पटला नाही. महिन्याभरानं राष्ट्रीय अंतिम सामना झाला तो ओहायो स्टेट आणि नोट्रे डेम यांच्यात. इंडियाना हरली होती ती याच दोघांकडून, आणखी कुणाकडूनही नाही. पंटबद्दल मात्र मी टीकाकारांच्या बाजूनं आहे. वर्षभर जगाला शिंगावर घेणाऱ्या माणसानं नेमकं तिथे सावध व्हावं?

जानेवारीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. रूर्क अख्खा हंगाम गुडघ्यातलं अस्थिबंध फाटलेलं असताना खेळला होता. ऑगस्टच्या सरावातच ते झालं होतं. वर्तमानपत्रांनी त्याच्या जिद्दीचे गोडवे गायले. मी एका मुलाची आई आहे. मला ती बातमी दोनदा वाचावी लागली, आणि गोडवे काही गाता आले नाहीत. तो सज्ञान आहे, निर्णय त्याचा, हे सगळं खरं. पण त्या ७७ आणि ६६ गुणांवर टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. या खेळावर माझं प्रेम जडलंय ते असं, ठेच लागणारं.

पैशांचंही तेच. सिग्नेटींना नोव्हेंबरमध्येच आठ वर्षांचा नवा करार मिळाला, ७ कोटी २० लाख डॉलरचा. माझ्या मुलाला प्रयोगशाळेत शिकवणारा पीएचडीचा विद्यार्थी घरभाड्यासाठी दोन नोकऱ्या करत होता. ब्लूमिंग्टनमध्ये हे दोन्ही एकाच विद्यापीठाच्या नावाखाली चालतं.

पण त्या हंगामातलं माझ्या सर्वांत लक्षात राहिलेलं काही असेल तर ते नोट्रे डेमच्या सामन्यानंतरचे दिवस. नाताळाच्या आधी शेजाऱ्यांकडे केक द्यायला गेले, तर गृहस्थ नुसते धुमसत होते. पंट का केला? चौथा क्वार्टर, १७ गुण मागे, आणि पंट? टेबलावर मीठदाणी आणि मिरपूडदाणी मांडून त्यांनी मला दाखवलं की बचावपटू कुठे उभे होते. बायको म्हणाली, नवरा चार दिवस धड झोपलेला नाही. ज्यांनी आयुष्यभर पराभव सॉसेजला लावून खाल्ला, ते आता अकरा विजयांनंतरच्या एका पराभवावर जेवण टाकत होते. हे त्यांच्या तब्येतीला चांगलं की वाईट, ते डॉक्टरला विचारावं लागेल. विदर्भानंही करंडक जिंकल्यावर काकांचं असंच झालं होतं. पुढे विदर्भ एखादा सामना हरला की ते फोनवर अर्धा तास निवड समितीच्या नावानं खडे फोडत. त्याआधी त्यांना निवड समितीत कोण असतं हेही ठाऊक नव्हतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०२५ च्या हंगामात नवा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा आला, त्याला देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइसमन करंडक मिळाला, ओहायो स्टेटला १३–१० हरवून तिसरंही नाव यादीतून खोडलं गेलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये मायामीला २७–२१ नमवून इंडियाना राष्ट्रीय विजेती झाली. सोळापैकी सोळा. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, माझी भर नको. मला ओढ आहे ती पहिल्याच वर्षाची, जेव्हा पुढे काय होणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेजाऱ्यांनी आता मध्यंतरातली शेगडी बंद केली आहे. परवा कुंपणापाशी भेटले तेव्हा पुढच्या हंगामातल्या पहिल्या तीन सामन्यांचे प्रतिस्पर्धी फार लिंबूटिंबू आहेत म्हणून कुरकुरत होते. एवढे पैसे देऊन असले सामने बघायचे का, म्हणाले.